मेल आला होता, मग दिसला का नाही?

(महिला बचत गटांसाठी आपल्या रेडिओवर झालेलं भाषण)



हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. फक्त जवळ एक कागद आणि पेन ठेवा, शेवटी लागेल.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. मोबाईलवर ईमेल येत नाही, तेव्हा काय करायचं? तुम्ही म्हणाल, हे पोरांना विचारायचं काम. पण याच एका गोष्टीपायी आमच्या हातची मोठी ऑर्डर गेली आणि आमच्यातली एक चांगली बाई दोन महिने बैठकीला आली नाही. म्हणून आधी ती गोष्ट सांगते, मग उपाय सांगते.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हा आमचा माल. अकरा गट एकत्र आले, आम्ही उत्पादक कंपनी काढली. कंपनी झाली म्हणून वेबसाईट केली आणि ज्यांनी वेबसाईट करून दिली त्यांच्याकडूनच कंपनीच्या नावाचा ईमेल पत्ता घेतला. तो पत्ता तिघींच्या फोनवर टाकला. एक आमच्या अध्यक्षा, एक सचिवताई आणि तिसरी मी, हिशेब बघणारी. रोज मेल बघायचं काम सचिवताईंकडे होतं.

एका सोमवारी पुण्याच्या दुकानदारांनी सहाशे पाकिटांची मागणी मेलवर पाठवली. अन्न परवान्याची प्रत आणि दरपत्रक शुक्रवारपर्यंत मागितलं. आम्हाला त्याचा पत्ताच नाही. शनिवारी त्यांचा फोन आला, “ताई, तुमचं काही उत्तर आलं नाही, मी दुसरीकडे सांगून टाकलं.”

पुढच्या बैठकीत काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. अध्यक्षा म्हणाल्या, “मेल बघायचं काम तुमचं होतं ना?” सचिवताई म्हणाल्या, “अक्का, मेल आलाच नाही. आला असता तर मी गप्प बसले असते का?” आणि मागून कोणीतरी बोललं, “आला नाही, का पुसला?”

तो शब्द लागला. सचिवताईंनी दप्तर टेबलावर ठेवलं आणि त्या उठून गेल्या. मी त्या दिवशी काही बोलले नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं, कारण माझ्या फोनवरही तो मेल नव्हता आणि एकीने पुसला की सगळ्यांकडून जातो एवढं मला कुठून तरी ऐकून माहीत होतं. अर्धवट माहिती किती वाईट असते, ते मी तेव्हा शिकले.

मेल राहतो कुठे?

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. मेल आपल्या फोनमध्ये येत नाही. तो येतो सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी रात्रंदिवस चालू असलेला मोठा कॉम्प्युटर. त्याला पोस्ट ऑफिस समजा. तिथे आपल्या नावाची एक पेटी असते. पाठवणाऱ्याचा मेल त्या पेटीत पडतो. मग आपला फोन अधूनमधून त्या पेटीशी बोलतो, नवीन काय आलं ते विचारतो आणि आपल्याला दाखवतो. या विचारपूस करण्याला, दोन्हीकडचं सारखं करून घेण्याला ‘सिंक’ म्हणतात.

म्हणजे मेल दिसला नाही, तर दोनच जागा तपासायच्या. एक, पेटीत तो आहे का. दोन, पेटीतून फोनपर्यंत येताना तो कुठे अडला. यात तिसरी जागा ‘फोन धरणारी बाई’ ही नाही. ती सगळ्यात शेवटी.

आता पेटीतून मेल घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीचं नाव पॉप, दुसरीचं आयमॅप. नावं लिहून घ्या, कारण फोनमध्ये ती तशीच विचारतात.

पॉप ही जुनी पद्धत, १९८४ सालची. त्या काळी सर्व्हरवर जागा थोडी आणि टेलिफोनच्या तारेवरून जोडणी महाग. म्हणून जोडणी लावायची, सगळी टपाल उचलून आपल्या कॉम्प्युटरवर आणायची, पेटी रिकामी करायची आणि जोडणी बंद करायची. पोस्टात जाऊन आपली पत्रं पिशवीत घालून घरी आणावीत, तसं. पत्रं मग घरीच. पोस्टात विचारलं तर तिथे काही नाही.

आयमॅप ही १९८६ ची. यात टपाल पेटीतच राहते, आपण फक्त तिथली टपाल वाचतो. गटाची नोंदवही कार्यालयात ठेवलेली असते आणि ज्या सदस्येला बघायचंय ती तिथे येऊन बघते, तसं. एकीने काही खोडलं तर ते सगळ्यांना खोडलेलंच दिसतं. एका पत्त्यावर दोन-तीन फोन असतील तर आयमॅपच हवं. पॉपमध्येही ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ अशी खूण करता येते, पण ती करायची राहिली तर घोटाळा होतो.

सचिवताईंची वही

दोन महिन्यांनी सचिवताई आमच्या घरी आल्या. हातात दोनशे पानी वही. म्हणाल्या, “ताई, मला भांडायचं नाही. एवढं फक्त बघा.”

त्यांनी आठ दिवस रोज तीन वेळा मेलची पेटी उघडून, त्यात किती मेल आहेत ते लिहून ठेवलं होतं. रात्री नऊला, सकाळी आठला, दुपारी बाराला. रात्री नऊला तीन, सकाळी आठला पाच, दुपारी बाराला शून्य. दुसऱ्या दिवशी रात्री दोन, सकाळी दोन, दुपारी शून्य. आठही दिवस तेच. आणि रविवारी मात्र दुपारीही मेल जागेवर. म्हणाल्या, “माझा फोन रविवारी सुट्टी घेतो का? दिवसा कोणीतरी आपली टपाल उचलतंय.”

आम्ही वेबसाईटवाल्या भाऊंना फोन लावला. सर्व्हरवर नोंद राहते, कुठून कोण किती वाजता पेटी उघडून गेलं. त्यांनी नोंद बघितली आणि सांगितलं, रोज सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी एक कॉम्प्युटर पॉपने टपाल उचलतो.

तो कॉम्प्युटर आमचे कर-हिशेबाचे कागद करणाऱ्यांच्या दुकानात निघाला. कंपनीची नोंदणी करताना त्यांनी सोयीसाठी आमचा पत्ता त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकला होता. काम संपलं, ते विसरले, आम्ही विसरलो. कॉम्प्युटर काही विसरला नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की आमची पेटी रिकामी. आमचे फोन दर पंधरा मिनिटांनी बघायचे, तोपर्यंत टपाल गेलेली. पुण्याचा तो मेल तिथेच होता, न उघडलेला.

त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. पण ऑर्डर गेली ती गेलीच.

पहिली तपासणी: पेटी उघडून बघा

म्हणून माझं पहिलं सांगणं हे. मेल दिसत नसेल तर फोनमधलं मेलचं ॲप बाजूला ठेवा आणि पेटी थेट उघडा. फोनमध्ये क्रोम असतं. त्यात वरच्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘इन्कॉग्निटो’ची खिडकी उघडा आणि जीमेलची किंवा तुमच्या कंपनीच्या मेलची वेबसाईट उघडून पत्ता आणि पासवर्ड टाका. हे म्हणजे पोस्टात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पेटी बघणं. झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर बघितलं, तर उठताना ‘साईन आउट’ करायला विसरू नका.

मग मैत्रिणीच्या पत्त्यावरून स्वतःला एक चाचणीचा मेल पाठवा. विषयाच्या जागी ‘चाचणी’ आणि वेळ लिहा, म्हणजे कुठला केव्हाचा ते कळतं.

आता तीनच गोष्टी होऊ शकतात.

पहिली. मेल पेटीत आहे, पण फोनच्या ॲपमध्ये नाही. मग सर्व्हर ठीक आहे, दोष फोनमध्ये आहे.

दुसरी. मेल पेटीत नाही आणि पाठवणारीला ‘पोचला नाही’ असं इंग्रजी पत्र परत आलं आहे. मग एक तर पत्ता चुकला, नाहीतर पेटी भरली, नाहीतर कंपनीच्या नावाची वार्षिक फी भरायची राहिली. फी थकली की सगळ्यांचेच मेल एकदम बंद होतात.

तिसरी. मेल पेटीत नाही आणि परतही गेला नाही. मग आधी ‘स्पॅम’ बघा. सर्व्हरला जो मेल संशयाचा वाटतो तो तिथे टाकला जातो. जीमेलमध्ये स्पॅममधले मेल तीस दिवसांनी आपोआप जातात, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे डोकवायचंच. तिथे नसेल तर ‘ऑल मेल’ आणि ‘ट्रॅश’ बघा. तिथेही नसेल तर सेटिंगमध्ये बघा, ‘फॉरवर्डिंग’मध्ये कोणाचा अनोळखी पत्ता टाकलेला आहे का, कोणी पॉप चालू ठेवलंय का. आमची गोष्ट या तिसऱ्या प्रकारातली.

पासवर्ड बदलला आणि सगळंच बंद

घोटाळा सापडला, तेव्हा आम्ही लगेच पासवर्ड बदलला. बरोबरच केलं. आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात कोणाच्याच फोनवर मेल येईना! घरी गेलं की येतो, कार्यालयात आलं की बंद.

कारण असं. पासवर्ड सर्व्हरवर बदलला, तरी फोनमध्ये जुनाच असतो. तो प्रत्येक फोनमध्ये जाऊन वेगळा बदलावा लागतो. आमच्या कार्यालयातल्या जुन्या टॅबमध्ये तो बदलायचा राहिला. तो टॅब दर थोड्या वेळाने जुन्या पासवर्डने दार वाजवत राहिला. सर्व्हरला वाटलं, हा चोर आहे, किल्ल्या लावून बघतोय. म्हणून त्याने आमच्या वायफायचा पत्ताच अडवला. एकाच वायफायवरच्या सगळ्या बायका त्यात अडकल्या.

याची खूण सोपी आहे. वायफाय बंद करा आणि फोनचा स्वतःचा डेटा चालू करा. मेल आला, तर अडथळा वायफायच्या बाजूला आहे. मग आधी जुना पासवर्ड टाकलेला फोन किंवा टॅब शोधा, तो नीट करा आणि नंतर मेल पुरवणाऱ्याला फोन करून अडवलेला पत्ता मोकळा करायला सांगा. आधी मोकळा करून घेतला आणि टॅब तसाच राहिला, तर तासाभरात पुन्हा तेच.

जीमेलवाल्यांसाठी इथे एक वेगळी गोष्ट. फोनमधल्या जीमेल ॲपला अडचण नाही. पण जीमेलचा पत्ता दुसऱ्या एखाद्या जुन्या मेल ॲपमध्ये नुसता पासवर्ड टाकून चालवत असाल, तर ते २०२२ च्या मेपासून गूगलने बंद केलं आहे. तिथे पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणतं. बायका बिचाऱ्या दहा वेळा टाकून बघतात. तो तुमचा दोष नाही. सरळ जीमेलचं ॲप वापरा.

पेटी भरली

पॉप बंद केल्यावर आमची टपाल सर्व्हरवरच राहू लागली. चांगलं झालं. पण सहा महिन्यांनी ज्यांनी मेल पाठवले त्यांना ते परत जाऊ लागले. आमची पेटी एक जीबीची होती, ती भरली. आधी तो कॉम्प्युटर रोज रिकामी करायचा म्हणून कधी भरली नव्हती!

जीमेल फुकटात पंधरा जीबी जागा देतं. पण ती जागा फक्त मेलची नाही. त्या खात्याचे फोटो आणि ड्राइव्हमधल्या फायली, सगळं त्यातच मोजलं जातं. गटाचं खाते ज्या फोनवर आहे त्या फोनमधून लग्नाचे आणि जत्रेचे फोटो आणि व्हिडिओ त्या खात्यात चढत असतील, तर एक दिवस पेटी भरते आणि नवीन मेल येणं थांबतं. म्हणून गटाच्या खात्यावर फोटोंचा बॅकअप बंद ठेवा. मेल पुसले तरी ते आधी ‘ट्रॅश’मध्ये जातात आणि तिथेही जागा अडवतात. घाई असेल तर ट्रॅशही रिकामा करा.

पुसायला कुठून सुरुवात करायची? मोठ्या जोडण्यांपासून. हजार साधे मेल जेवढी जागा खात नाहीत तेवढी जागा फोटोंचे चार मेल खातात. पण परवाना, बँकेची पत्रं, करार यांचे मेल पुसण्याआधी त्यांची प्रत काढून फाईलला लावा.

इथे एक सावधगिरी. ‘तुमची पेटी भरली आहे, इथे दाबा नाहीतर खाते बंद होईल’ असे खोटे मेल पुष्कळ येतात. त्यातल्या लिंकवर दाबून पासवर्ड टाकलात की पेटीची किल्ली चोराच्या हातात गेली. जागा किती उरली ते आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बघायचं, लिंकवरून नाही. फोनवर कोणी पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, मग तो कितीही ‘मॅडम, मॅडम’ करत असो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करा. तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदतीचा नंबर आहे.

दोष फोनमध्ये असेल तर

आता कागद-पेन घ्या. मेल पेटीत आहे पण फोनवर नाही, तेव्हा याच क्रमाने जायचं. सोपं आधी, अवघड नंतर.

एक. इंटरनेट चालू आहे का? क्रोममध्ये कुठलीही वेबसाईट उघडून बघा. विमानाची खूण लागलेली नाही ना, दिवसाचा डेटा संपला नाही ना, ते बघा.

दोन. मेलच्या यादीवर बोट ठेवून वरून खाली ओढा. आला तर मेल पोचतोय, फक्त आपोआप येत नाही.

तीन. सिंक चालू आहे का? फोनच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट्स’ असतं, तिथे ‘ऑटो सिंक’ चालू हवं. मग जीमेल ॲपच्या सेटिंगमध्ये आपल्या पत्त्यावर दाबा, तिथेही ‘सिंक’वर खूण हवी.

चार. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर बंद करून बघा. भारनियमनामुळे आपण बॅटरी वाचवायला ते लावतो. ते चालू असलं की फोन मेलची विचारपूस कमी करतो.

पाच. फोनमध्ये जागा आहे का? फोन व्हिडिओंनी गच्च भरला की सिंक थांबतं. ही फोनची जागा वेगळी आणि सर्व्हरवरच्या पेटीची जागा वेगळी. दोन्ही बघायच्या.

सहा. तारीख आणि वेळ बरोबर आहे का? हसू नका. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला की काही फोन जुनी तारीख दाखवतात. फोन आणि सर्व्हर बोलण्याआधी सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो. त्या ओळखपत्राला मुदत असते. फोनची तारीख चुकली की त्याला ते मुदतबाह्य वाटतं आणि तो बोलायचंच नाकारतो. ‘सर्टिफिकेट’ असा शब्द दिसला की आधी तारीख बघा. सेटिंगमध्ये तारीख ‘आपोआप’ वर ठेवा. तारीख बरोबर असूनही तो इशारा आला, तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका, मेल पुरवणाऱ्याला विचारा.

सात. पासवर्ड अलीकडे कोणी बदलला का? ॲपच्या वर ‘साईन इन करा’ असं येत असेल तर नवा पासवर्ड टाका.

आठ. जुने मेल दिसत नाहीत, नवे दिसतात? मग बिघाड नाही. जीमेल ॲप सहसा गेल्या तीस दिवसांचेच मेल फोनमध्ये ठेवतं. इंटरनेट चालू ठेवून वरच्या शोधाच्या जागेत पाठवणाऱ्याचं नाव टाका, जुनाही सापडतो.

नऊ. कंपनीचा स्वतःचा मेल असेल तर जोडणीचे आकडे तपासा. हे आकडे म्हणजे पोस्टातल्या खिडक्यांचे नंबर. मेल घेण्याची आयमॅपची खिडकी ९९३. पाठवण्याची बहुतेक ठिकाणी ५८७ किंवा ४६५. आणि ‘युजरनेम’च्या जागी नुसतं नाव न टाकता पूर्ण ईमेल पत्ता टाकावा लागतो. मेल येतो पण जात नाही, ‘आउटबॉक्स’मध्येच बसतो, असं झालं तर बिघाड पाठवण्याच्या खिडकीत आहे. जोडणी फार मोठी नाही ना तेही बघा. जीमेलवर एका मेलला पंचवीस एमबीपर्यंतच जोडता येतं.

दहा. एवढं करूनही नाही आलं, तर फोनमधून ते खाते काढून पुन्हा टाका. पण त्याआधी तीन गोष्टी. पेटीत सगळे मेल आहेत हे क्रोममध्ये बघा. आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल कुठेतरी लिहून ठेवा, तो जाईल. आणि पासवर्ड तुम्हाला नक्की माहीत आहे याची खात्री करा. खाते पॉपवर असेल तर ते काढूच नका, कारण तेव्हा मेल फक्त त्या फोनमध्ये असू शकतात. कोणी घाईने ‘रिसेट मारू’ म्हणालं, मग तो मोबाईल दुरुस्तीवाला असो नाहीतर आपला भाचा, तर त्याला आधी थांबवा.

किल्ली कोणाकडे?

आपल्या गटात पैशाची पेटी एकीकडे असते आणि किल्ली दुसरीकडे. ही रीत आपण विश्वास नाही म्हणून ठेवलेली नाही, विश्वास टिकावा म्हणून ठेवलेली आहे. ईमेललाही तीच रीत लावा.

गटाचं खाते कोणाच्या मुलाच्या नंबरावर काढलेलं नको. मुलगा पुण्याला जातो, नंबर बदलतो, ओटीपी तिकडे जातो आणि आपण इथे बसतो. खात्याला जोडलेला नंबर गटातल्याच बाईचा असावा. पदाधिकारी बदलल्या की नंबर आणि पासवर्ड दोन्ही बदलावेत आणि तशी नोंद कार्यवृत्तात करावी. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून गटाच्या पेटीत ठेवावा. भिंतीवर चिकटवू नये.

कोणत्या कोणत्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर आपला पत्ता टाकलेला आहे, त्याची यादी वहीत ठेवा. गूगलच्या खात्यात ‘तुमची डिव्हाइसेस’ अशी यादी दिसते. वर्षातून दोनदा ती उघडून अनोळखी नाव दिसलं तर काढून टाका. बाहेरच्या कोणाला पत्ता वापरायला दिला, तर काम झालं की काढून घ्यायचा.

आणि काही गटांनी नोंदणीपुरतं जीमेल काढलं, ते पुन्हा उघडलंच नाही. दोन वर्षं न वापरलेलं खाते गूगल बंद करून टाकू शकतं. म्हणून महिन्याच्या बैठकीत हजेरी घेतली, बचत गोळा केली की दोन मिनिटं मेल उघडा. किती आले, कोणाचे आले, कोणाला उत्तर द्यायचं, हे सगळ्यांसमोर वाचून दाखवा. मग ‘आला होता का, पुसला का’ हा प्रश्नच राहत नाही. आणि मोठं काम असेल तिथे समोरच्याला आपणच सांगून ठेवायचं, “भाऊ, मेल केला की एक फोनही करा.”

सचिवताईंचं काय झालं, ते राहिलं. पुढच्या बैठकीत त्यांची वही आम्ही सगळ्यांसमोर ठेवली. वेबसाईटवाल्या भाऊंनी सांगितलेलं वाचून दाखवलं. अध्यक्षा उठून त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “चुकलं गं माझं.” मीही म्हणाले, आणि ते म्हणायला मला दोन महिने उशीर झाला होता. सचिवताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दप्तर आणा इकडं. पण आता मेल बघायला माझ्यासंगं एक पोरगी द्या.” त्या दिवसापासून आमच्याकडे मेल दोघी बघतात.

तेव्हा सख्यांनो, यंत्र अडलं की आधी यंत्राला विचारा, माणसाला नाही. पुढच्या बैठकीत गटाची पेटी क्रोममध्ये उघडून बघा आणि तुमचा पत्ता कुठे कुठे टाकलेला आहे त्याची यादी करा. एवढं केलंत तरी माझं आजचं बोलणं कारणी लागलं.